वरून दिसणारा शार्क: ड्रोन, भोंगा आणि आमचा किनारा

खारा_वारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गप्पांच्या धाग्यावर मी सहज लिहून गेले की सुट्टीच्या दिवशी मी किनाऱ्यावर ड्रोन उडवून शार्क शोधते. त्यावर इतके व्यनि (खासगी निरोप) आले की वेगळा धागाच काढते आहे.

आधी ओळख. मी मूळची डोंबिवलीची. समुद्राशी नातं म्हणजे गिरगाव चौपाटीची भेळ, गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली सलवार आणि मागून आईचं "पुढे जाऊ नकोस". सिडनीला आल्यावरही पहिली सहा वर्षं पोटरीच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. मुलाला 'निपर्स'मध्ये घातलं (सर्फ क्लबचा लहान मुलांचा रविवारचा वर्ग, इथे जवळजवळ मुंजच समजा) आणि तिथे कळलं की आईबापांनी नुसतं वाळूत बसून चालत नाही. मग पोहायला शिकले, ब्रॉन्झ मेडॅलियन (जीवरक्षकाची परीक्षा) केलं, लाल-पिवळी टोपी घातली. गुडघ्याने कुरकुर सुरू केल्यावर एकाने विचारलं, ड्रोन शिकतेस का? त्याला आता तीन उन्हाळे झाले.

काम ऐकायला भारी वाटतं, पण बरंचसं कंटाळवाणं आहे. ड्रोन साधारण साठ मीटर उंचीवर ठेवायचा. लाटा फुटतात त्या रेषेच्या मागून किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा, शेतात नांगर फिरवतात तसा. बॅटरी कागदावर अर्धा तास चालते, वाऱ्यात वीस-बावीस मिनिटं. उतरवा, बदला, परत चढवा. सोबत एक जण नुसता आभाळाकडे बघायला लागतो: सीगल, पतंग, दुसऱ्या कोणाचा ड्रोन. मी स्क्रीनवर असते. आमचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य थेट पाण्यातून वर येतो आणि अर्धी स्क्रीन नुसती चांदी. कॅमेऱ्याला पोलराइज्ड फिल्टर लावतो, सूर्याकडे पाठ करून बघतो, तरी काही कोपरे आंधळेच राहतात.

नजर बसायला वेळ लागतो. पाण्यात काळं काय काय असतं! शेवाळाचे पुंजके, खडक, ढगांच्या सावल्या, पाकट, सील, डॉल्फिन. पहिला धडा शेपटीचा. शार्कची शेपटी डावी-उजवी हलते, त्यामुळे वरून बघताना अख्खा प्राणी वळवळताना दिसतो. डॉल्फिनची वर-खाली हलते, म्हणून तो वरून सरळ रेषेत चालल्यासारखा वाटतो. दुसरा धडा माशांच्या थव्याचा. इथे सॅमनचे मोठाले थवे किनाऱ्याजवळ येतात, स्क्रीनवर शाई सांडल्यासारखे. त्या शाईत मधेच गोल भोक पडलं, गर्दीत पोलीस घुसल्यावर पडतं तसं, की तिथे कोणीतरी आहे.

आता तो प्रसंग, ज्यासाठी सगळ्यांनी व्यनि केले. डिसेंबरातली सकाळ, आठला दहा कमी. पाच सर्फर लाटेची वाट बघत फळ्यांवर बसलेले, पाय पाण्यात लोंबकळत. स्क्रीनच्या डाव्या कडेने एक राखाडी आकार आला. टॉर्पेडोसारखा, छातीजवळचे पर पसरलेले, घाई अजिबात नाही. ड्रोन खाली घेतला. शेजारच्या फळीशी तुलना करून अडीच मीटर धरला. व्हाइट शार्क, लहान वयाचा. माझा हात रेडिओवर गेला, मी बोलले, भोंगा वाजायला काही सेकंद लागले असतील. तेवढ्यात तो सरळ एका मुलाच्या दिशेने गेला. मधे एका बसच्या लांबीएवढं अंतर उरलं असताना वळसा घालून त्याच्या मागून निघाला, आणि खोल पाण्यात दिसेनासा झाला. त्या मुलाला पत्ताच नाही. भोंगा ऐकून बाहेर आला आणि मला विचारतो, "खरंच होता का?" मी रेकॉर्डिंग दाखवलं. दोनदा बघितलं त्याने. मग म्हणाला, "हे आईला पाठवू नकोस."

आता लाजिरवाणी गोष्ट. पहिल्याच उन्हाळ्यात, गर्दीच्या रविवारी, मी असाच एक काळा आकार बघून अख्खा किनारा रिकामा करवला. दीड-दोनशे माणसं, रडणारी पोरं, अर्धवट सोडलेले वाळूचे किल्ले. जेट-स्की जवळ गेली तेव्हा कळलं, सुटलेल्या शेवाळाचा भारा होता. रोज सकाळी पोहणारे एक आजोबा पंचा खांद्यावर टाकून माझ्याजवळ आले आणि शांतपणे विचारलं, "सॅलडला घाबरलीस?"

शार्क दिसणं ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. दिसल्यावर काय करायचं, कितव्या सेकंदाला करायचं, कोणाला उठवायचं आणि कोणाला नाही, यातच आमचा सगळा दिवस जातो. विचारा काय विचारायचं ते.

---

गच्चीवरचा_कावळा

पहिला!! 'सॅलड'ला ठार मेलो. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

---

बोंबील_फ्राय

ताई, आमच्या देवगडात उलटा कारभार. आमी मोरी (म्हणजे शार्कच) खातव, मोरी आमका खाईत नाय. मसाल्यातली असो नायतर बाळंतिणीच्या ताटातलं कालवण असो, मोरी म्हटल्यावर आमच्याकडे कोणी किनारा रिकामा करत नाही, उलट भरतो.

ड्रोन मात्र आमच्याकडेही आला. जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय खातं किनाऱ्यावर ड्रोन उडवतंय, एलईडी दिवे लावून आणि परवान्याशिवाय पर्ससीनने (थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याने) मासे ओढणाऱ्या ट्रॉलरांवर नजर ठेवायला. म्हणजे तुमचा ड्रोन माशापासून माणसाला वाचवतो, आमचा माणसापासून माशाला. माझा चुलतभाऊ रापणीवाला (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा) आहे, तो म्हणतो ड्रोन चांगला, पण पकडल्यावर पुढे काय होतं ते बघायला दुसरा ड्रोन हवा.

---

खारा_वारा

@बोंबील_फ्राय, दुसरा ड्रोन!! चुलतभावाला माझा नमस्कार. आणि मोरी इथेही खातात बरं का, 'फ्लेक' नावाने. फिश अँड चिप्सच्या दुकानात लोक शार्कच खातात आणि बाहेर येऊन शार्कला घाबरतात.

---

टेबल_माउंटन

धागा वाचून राहवलं नाही. मी केपटाउनला अकरा वर्षं आहे. आमच्याकडे हे काम माणसं करतात, तीही डोंगरावर बसून. 'शार्क स्पॉटर्स' २००४ पासून चालू आहे. म्युझेनबर्गच्या वरच्या रस्त्यावर एक जण दुर्बीण आणि पोलराइज्ड गॉगल घेऊन बसतो, खाली वाळूत दुसरा, मधे रेडिओ. झेंडे चार. हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय आणि शार्क दिसलेला नाही. काळा म्हणजे बघायलाच नीट येत नाहीये. लाल म्हणजे नुकताच दिसला होता, सावध राहा. आणि पांढऱ्यावर काळा शार्क चढला, भोंगा वाजला, की मुकाट्याने बाहेर.

मला यातला काळा झेंडा सगळ्यात आवडतो. "आम्हाला आज दिसत नाहीये" असं उघडपणे सांगणारी दुसरी कुठली सुरक्षा व्यवस्था मी पाहिलेली नाही. ड्रोनवाल्यांकडे असं काही आहे का?

आणखी एक. केपटाउनजवळच्या फॉल्स बे या उपसागरातून मोठे व्हाइट शार्क २०१८-१९ नंतर जवळजवळ नाहीसेच झालेत. कारणांवर शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण पोर्ट आणि स्टारबोर्ड नावाच्या दोन ऑर्कांचं (किलर व्हेलचं) नाव सगळेच घेतात. दोघांचेही पाठीवरचे पर वाकडे, एकाचा डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून ही जहाजी नावं. २०१७ मध्ये गान्सबाईच्या किनाऱ्यावर व्हाइट शार्कची प्रेतं लागली, त्यांची फक्त यकृतं काढून नेलेली. स्पॉटर अजूनही डोंगरावर बसतात. आता बरेचदा व्हेल मोजतात.

---

खारा_वारा

@टेबल_माउंटन, प्रश्न दुखऱ्या जागी लागला. पाणी गढूळ असलं, वारा फार असला, पाऊस असला की आम्ही उडवत नाही. पण 'उडवत नाही' याचा झेंडा नाही. लोक वर बघतात, ड्रोन नाही, म्हणजे शार्क नाही असं धरून आत शिरतात. काळा झेंडा पुढच्या मीटिंगला मांडते.

---

तर्ककर्कश

छान लिहिलंय, पण थोडं थंड पाणी ओततो.

ऑस्ट्रेलियात शार्कमुळे वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं जातात. रिप करंटमध्ये (किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या प्रवाहात) वीसच्या वर. सिडनीत २०२२ च्या फेब्रुवारीत लिटल बेला माणूस गेला, त्याआधीचा जीवघेणा हल्ला थेट १९६३ चा. एकोणसाठ वर्षं! २०१५ मध्ये न्यू साउथ वेल्सने शार्कसाठी पाच वर्षांचा १.६ कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. तेवढ्या पैशात किती जीवरक्षक वाढले असते? मला हे सगळं भीतीचं राजकारण वाटतं. समुद्रात उतरणाऱ्याने धोका पत्करलेला असतो.

---

बालिनाकर_नाही_पण

@तर्ककर्कश, आकडे बरोबर, पण २०१५ मध्ये तुम्ही बालिनाच्या (न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडचं किनाऱ्यावरचं गाव) आसपास असतात तर वेगळं लिहिलं असतंत. मी तेव्हा लिस्मोरला नोकरीला होतो, तिथून तासाभरावर. फेब्रुवारीत शेली बीचवर एक सर्फर गेला. नंतर महिन्यामागून महिना हल्ले चालूच होते. जुलैत मिक फॅनिंग या नामांकित सर्फरवर दक्षिण आफ्रिकेत स्पर्धेच्या थेट प्रक्षेपणात शार्क आला, ते तर जगाने पाहिलं. आमच्याकडे सर्फबोर्डची दुकानं ओस पडली. शनिवारी किनाऱ्यावर गाड्या उभ्या, माणसं बॉनेटवर बसून नुसती लाटांकडे बघताहेत, आत कोणी नाही. सरासरी देशाची असते. माणूस एका किनाऱ्यावर राहतो.

---

खारा_वारा

@तर्ककर्कश, तुमचा रिपचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. गंमत म्हणजे शार्कच्या पैशातून आलेला ड्रोन शार्कपेक्षा माणसांकडेच जास्त बघतो.

जानेवारी २०१८, लेनॉक्स हेड, बालिनाच्या जवळच. ड्रोनवाल्या जीवरक्षकांचं त्या दिवशी प्रशिक्षण होतं. सातशेएक मीटर आत दोन किशोरवयीन मुलं उसळत्या पाण्यात अडकली. ड्रोन तिकडे वळवला, वरून फुगणारं तरंगतं साधन टाकलं, त्याला धरून दोघं किनाऱ्याला लागली. सोडण्यापासून टाकण्यापर्यंत साधारण सत्तर सेकंद. पोहत जाणाऱ्या जीवरक्षकाला याच्या कित्येक पट वेळ लागला असता.

माझ्या वहीत बघते, या उन्हाळ्यात शार्कसाठी भोंगा तीनदा. रिपमध्ये वाहत चाललेला माणूस वरून दिसला म्हणून बचावाची फळी पाठवली, अकरा वेळा. रिप वरून इतकी स्वच्छ दिसते की हसू येतं. लाटांच्या पांढऱ्या फेसात मधेच एक काळपट, शांत पट्टा. वाळूत उभ्या माणसाला तोच पट्टा पोहायला सगळ्यात सुरक्षित वाटतो, कारण तिथे लाट फुटत नाही. आपल्याकडचे पाहुणे नेमके तिथेच उतरतात.

---

मुरूडकर

शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये आमच्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेली डझनाहून जास्त मुलं एका दुपारी गेली. आमच्या किनाऱ्याला शार्क नाही, ड्रोन नाही, आणि त्या दिवशी सांगणारंही कोणी नव्हतं. एवढंच.

---

निळा_देवमासा

(मी ब्रिस्बेनला समुद्री जीवशास्त्रात काम करते. मतं माझी.)

ड्रोनबद्दल बोलताना जाळ्यांचा विषय टाळून चालणार नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १९३७ पासून जाळ्या आहेत, क्वीन्सलंडमध्ये १९६२ पासून जाळ्या आणि आमिषाचे गळ. लोकांना वाटतं जाळी म्हणजे कुंपण. तसं काही नाही. न्यूकॅसल ते वूलनगाँग ५१ किनाऱ्यांसमोर प्रत्येकी १५० मीटर लांब आणि ६ मीटर उंच जाळी, दहा-बारा मीटर खोल पाण्यात. वरून मोकळं, खालून मोकळं, दोन्ही बाजूंनी मोकळं. सापडणाऱ्या शार्कपैकी साधारण चाळीस टक्के तर किनाऱ्याच्या बाजूने जाळीत शिरलेले असतात, म्हणजे पोहणाऱ्यांमधून फिरून परत निघालेले. सोबत कासवं, पाकट, डॉल्फिन, आणि कोणाला काही न करणारे ग्रे नर्स शार्क.

त्यापेक्षा स्मार्ट ड्रमलाइन बरी. गळाला शार्क लागला की बोटीवर संदेश जातो, अर्ध्या तासात माणसं पोचतात, त्याला टॅग लावून किलोमीटरभर आत नेऊन सोडतात. मग तो टॅगवाला शार्क किनाऱ्यावरच्या श्रवणकेंद्राजवळून (टॅगचा संदेश टिपणाऱ्या यंत्राजवळून) गेला की तुमच्या फोनवर 'शार्कस्मार्ट' ॲप वाजतं. ड्रोन यात चांगला बसतो, कारण तो कोणाला मारत नाही.

पण ड्रोनची मर्यादा बुल शार्कपाशी उघडी पडते. हा गढूळ पाण्याचा मालक. नद्यांत चढतो, खाड्यांत राहतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की क्वीन्सलंडहून सिडनी हार्बरला येतो, थंडीत परत जातो. पावसानंतर हार्बर चहासारखा झालेला असतो, तिथे साठ मीटरवरून काय कपाळ दिसणार? (अवांतर: इथे कारब्रूकच्या गोल्फ कोर्सच्या तळ्यात बुल शार्क राहत होते. नव्वदच्या दशकातल्या पुरात आले आणि पाणी ओसरल्यावर अडकले, पुढे सतराएक वर्षं दिसत राहिले. गोल्फवाले चेंडू आणायला पाण्यात उतरत नसत, हे वेगळं सांगायला नको.)

---

तर्ककर्कश

@निळा_देवमासा, चांगली माहिती. मग जाळ्या काढत का नाहीत?

---

निळा_देवमासा

काढणार होते. तीन कौन्सिलांच्या हद्दीत एकेक किनारा निवडून प्रयोगापुरती जाळी काढायचं चाललं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या उत्तर भागात एका सर्फरचा मृत्यू झाला आणि ते थांबलं. त्या आठवड्यात "जाळी काढा" म्हणायला कोण उभं राहील? मी नसते राहिले, आणि मी तर काढा म्हणणारी.

---

गोल्डकोस्टची_आई

इतका वेळ नुसती वाचत होते. माझी सोळा वर्षांची लेक रोज पहाटे साडेपाचला सर्फिंगला जाते. मी गाडीत बसून कॉफी पिते आणि पाण्यावर काळं काही दिसतंय का बघते. चष्मा लावून. ताई, तुमच्या त्या पोराने "आईला पाठवू नकोस" म्हटलं ना, ते वाचून मला राग आला, हसू आलं, सगळंच.

मला जाळी पण हवी आणि ड्रोन पण हवा. कासवांबद्दल वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण पहाटे साडेपाचला कासव माझ्या डोक्यात नसतं. यावर मला कोणी व्याख्यान देऊ नये ही विनंती.

---

निळा_देवमासा

@गोल्डकोस्टची_आई, व्याख्यान नाही. फक्त एक करा, लेकीच्या घोट्याच्या पट्ट्याजवळ टूर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) ठेवायला सांगा, आणि ती कशी आवळायची ते तिच्या दोन मैत्रिणींनाही शिकवा. हल्ल्यानंतर माणूस बहुतेकदा रक्त गेल्याने दगावतो. ज्याच्या बाजूच्याला पट्टा आवळता येतो तो वाचायची शक्यता खूप वाढते. ड्रोन पहाटे साडेपाचला उडत नसतो.

---

पिक्सेलपाटील

पुण्यातून एक तांत्रिक शंका. माणूस स्क्रीनकडे बघत बसतो हे मला २००५ मधलं वाटतंय. आता एआय आहे, मॉडेल शिकवा, शार्क दिसला की आपोआप भोंगा. अडचण काय?

---

खारा_वारा

@पिक्सेलपाटील, ते सिडनीच्या टेक्नॉलॉजी विद्यापीठातल्या लोकांनी कधीच सुरू केलंय, 'शार्कस्पॉटर' नावाने. आणि माणसाच्या नजरेवर फार गर्व करावा असंही नाही. ड्रोनच्या आधी विमानं आणि हेलिकॉप्टरं फिरवायचे. पाण्याखाली नकली शार्क ठेवून एकदा परीक्षा घेतली, तर विमानातल्यांना १२.५ टक्के दिसले, हेलिकॉप्टरवाल्यांना १७.१ टक्के. म्हणजे सहातले पाच हुकले, आणि खाली लोक हात हलवून टाटा करत होते.

ड्रोन कमी उंचीवरून उडतो, हळू जातो, थांबतो, चित्र मागे घेऊन बघता येतं. एआय त्यावर चौकट काढून "शार्क" म्हणतं, टक्केवारीसह. मला मदत होते, विशेषतः पाचव्या बॅटरीला, जेव्हा डोळे जड झालेले असतात. पण आपोआप भोंगा? नको. चौकट शार्क आहे एवढंच सांगते. ग्रे नर्स आहे की व्हाइट, निघालाय की घुटमळतोय, थव्याच्या मागे आहे की रिकाम्या पाण्यात, दोनशे लोक एकदम बाहेर धावले तर त्या अरुंद वाटेवर कोण पडेल, हे चौकटीत येत नाही. खोटा भोंगा तीनदा वाजला की चौथ्यांदा कोणी हलत नाही. सॅलडच्या रविवारनंतर दोन आठवडे लोक माझ्याकडे बघून हसायचे आणि पाण्यात उभेच राहायचे. तेव्हा खरा आला असता तर?

---

पिक्सेलपाटील

ओके, पटलं. भोंग्याची पत असते हे डोक्यात नव्हतं.

---

पडद्यामागे

कोणी हा मुद्दा काढत नाहीये म्हणून मी काढतो. किनाऱ्यावर बायका-मुलं पोहण्याच्या कपड्यात असतात. वर कॅमेरा फिरतोय. ते चित्रीकरण कुठे जातं?

---

खारा_वारा

रास्त प्रश्न, आणि किनाऱ्यावर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा. देशाचा नियम १२० मीटरच्या खाली आणि लोकांपासून ३० मीटर अंतर असा आहे. आम्ही शक्यतो लाटांच्या मागेच असतो, वाळूवरून नेत नाही. साठ मीटरवरून माणूस म्हणजे टोपी आणि सावली. शार्क दिसला, बचाव झाला तर ते रेकॉर्डिंग ठेवतात. बाकी मी माझ्या गस्तीनंतर कार्ड पुसते, इतकंच माझ्या हातात आहे. एकदा एका बाईंनी चिडून विचारलं तेव्हा त्यांना स्क्रीनच दिली. पाच मिनिटं बघून म्हणाल्या, "यात तर मीच मला सापडत नाहीये," आणि मग अर्धा तास पाकट शोधत बसल्या.

---

दक्षिण_कॅलिफोर्निया

आमच्याकडच्या एका अभ्यासाची भर. लाँग बीचच्या विद्यापीठातल्या शार्क लॅबने २०१९ ते २०२१ मध्ये २६ किनाऱ्यांवर ड्रोन उडवले, दीडएक हजार उड्डाणं. सांता बार्बराजवळ आणि सॅन डिएगोजवळ अशा दोन ठिकाणी व्हाइट शार्कची पिल्लं आणि किशोर जमतात. तिथे ज्या दिवशी बघितलं त्यातल्या ९७ टक्के दिवशी माणसं आणि शार्क एकाच पाण्यात होते. आणि त्या काळात चावे जवळजवळ शून्य.

२०२३ ला हे छापून आल्यावर माझ्या ऑफिसात दोन तट पडले. अर्धे म्हणाले, "बघा, काही करत नाहीत." अर्धे म्हणाले, "बघा, केवढे आहेत!" चित्र एकच. माझी बायको दुसऱ्या गटात, ती त्यानंतर पाण्यात गेलेली नाही. मी जातो, पण प्रामाणिकपणे सांगतो, पूर्वीसारखं उताणं तरंगता येत नाही आता.

---

खारा_वारा

@दक्षिण_कॅलिफोर्निया, ते उताणं तरंगणं माझंही गेलं. ड्रोनने शार्क वाढवले नाहीत, पण रोज किती येऊन जातात ते दाखवलं. नवरा म्हणतो तू स्वयंपाकघरात रात्री दिवा लावून झुरळं मोजतेस. उपमा घाणेरडी आहे, पण चुकीची नाही.

---

मनोरचा_वाटाड्या

महाराष्ट्रात शार्क माणसाच्या वाटेला जात नाही असं वर कोणीतरी लिहिलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या पालघरला, मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारी करणाऱ्या तरुणाचा पाय शार्कने तोडला. नंतर तो शार्कही मेलेला सापडला. बुल शार्क असावा असं तेव्हा सांगत होते, आणि निळा_देवमासा यांनी वर्णन केलंय ते वाचून पटतं: गढूळ पाणी, खाडी, भरती. आमच्या गावात म्हातारी माणसंसुद्धा म्हणाली की असं कधी ऐकलं नव्हतं. आठ दिवस खाडीत कोणी उतरलं नाही, मग उतरले. पोट आहे.

ड्रोन तिथे काय करणार, पाण्यात वीतभर खाली दिसत नाही.

---

बोंबील_फ्राय

@मनोरचा_वाटाड्या, चूक कबूल, "खाईत नाय" मागे घेतो. त्या भावाचं नंतर काय झालं, मदत मिळाली का? कोणाला माहीत असेल तर लिहा.

---

शिवडीचा_फ्लेमिंगो

अवांतर आहे, पण २०१३ च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला आलेल्या कित्येक लोकांना पाकटांनी डंख मारला होता, आठवतंय का? मी होतो तिथे. लोक पाय धरून बाहेर येत होते आणि काय झालं कोणालाच कळत नव्हतं. त्या पाण्यात ड्रोनला काय, देवालाही दिसलं नसतं.

---

पहिल्यांदाच_लिहितेय

नमस्कार, मी सदस्य होऊन चार वर्षं झाली, पहिल्यांदाच प्रतिसाद. मार्चमध्ये सासूबाई आणि सासरे नाशिकहून सिडनीला येत आहेत. सासऱ्यांना समुद्रात डुबकी मारायचीच आहे, गोदावरीत पोहत मोठे झालेत, ऐकणार नाहीत. हा धागा मी चुकून त्यांना पाठवला. आता सासूबाई विमानात बसायला तयार नाहीत. काय करू?

---

खारा_वारा

@पहिल्यांदाच_लिहितेय, आधी स्वागत! सासूबाईंना सांगा, मार्चमध्ये पाणी मस्त उबदार असतं.

आता कामाचं. रविवारी या, आठच्या सुमाराला, दहानंतर वारा सुटतो आणि मी ड्रोन उतरवते. लाल आणि पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, बाजूची शांत जागा कितीही खुणावली तरी नाही. सासऱ्यांना हे दोनदा सांगा, नदीत पोहलेल्या माणसांना समुद्राचा ओढा लक्षात यायला वेळ लागतो आणि ते सरळ किनाऱ्याकडे पोहत राहून दमतात. ओढला गेलाच तर हात वर करून तरंगत राहायचं, आम्ही येतो. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला असेल तर हार्बरच्या बाजूला जाऊच नका, कॉफी प्या.

सासूबाईंना पाण्यात उतरायची गरज नाही. माझ्या शेजारी एक खुर्ची आहे, छत्रीखाली. त्यांना स्क्रीन देते. डोळे चांगले असतील तर शेवाळ ओळखायला बसवते, आमच्याकडे त्या कामाला माणूस कमी आहे. येताना थोडा चिवडा आणा, इथला बरा मिळत नाही.